डावीकडची जागा

घड्याळ किती तोलामोलाचं आहे हे ठरवायला आम्हाला त्याच्यावरचं नाव लागत नाही, अशी आमची घमेंड. नॉर्थ ब्रिज रोडवरच्या एका जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर माझं दुकान आहे, आठ बाय बारा फुटांचं. शनिवारी दुपारी जेवणं उरकली की मी दार आतून लावून घेतो आणि आम्ही तिघं बसतो. मी, क्वेक बून हुआट, चाळीस वर्षं जुनी घड्याळं विकतोय. दुसरा सीत, दातांचा डॉक्टर, जिभेला हाड नसलेला. तिसऱ्या पुआन रोहाया, पुआन म्हणजे मलय भाषेत बाई, कोर्टातून निवृत्त झालेल्या, एक वाक्य बोलायचं तर चारदा तोलून बोलणाऱ्या. मधे हिरव्या लोकरी कापडाचा लांबट ट्रे असतो.

प्रत्येकाने आपलं एक घड्याळ ट्रेवर ठेवायचं. काचेवर, नावाच्या जागी, काळ्या चिकटपट्टीचा तुकडा. मग घड्याळं हातोहात फिरतात आणि तिघांचं बघून होईस्तोवर कोणी तोंड उघडायचं नाही. शेवटी क्रम लागतो. सगळ्यात वरचं ते डावीकडे.

चिकटपट्टीने कोणी फसत नाही म्हणा, पण शिस्त ती शिस्त. बाहेरच्यांना वाटतं महाग ते वरचं. आमच्यात तसं नाही. टॅक्सीवाला लांबून ओळखेल असं घड्याळ आमच्या ट्रेवर मधेच कुठेतरी बसतं. यंत्र घड्याळाच्या घराण्याने स्वतः घडवलंय का, आतल्या पट्ट्यांच्या कडा, ज्या कुणाच्या नजरेला पडणार नाहीत, त्या हाताने घासल्यात का, तशी किती शिल्लक आहेत, आणि मुख्य म्हणजे कोणा शहाण्याने पॉलिश करून वाट तर लावली नाही ना, हे बघायचं. एवढं करूनही जिनिव्हाची दोनतीन घराणी डावीकडे सरकतातच. आणि मागच्या झाकणावर कोणाचं नावगाव कोरलेलं असलं की एक पायरी खाली. दुसऱ्याच्या बायकोचं प्रेम आपल्या मनगटावर कोण वागवणार?

तीन वर्षं डावीकडची जागा सीतची होती. मला म्हणायचा, "हुआट, तू दुकानदार. तुझ्याकडे माल असतो. घड्याळ आमच्याकडे असतं." मी हसायचो. घरी जाताना बसमध्ये मात्र तेच वाक्य घोळत राहायचं.

घरी तसं कोणी नाही. स्यू लान, माझी बायको, होती तेव्हा शनिवारी बरोब्बर साडेपाचला दुकानातला फोन वाजायचा. "साडेसहाला जेवण. वेळेवर ये, मी थांबलेय." मी हो हो म्हणायचो आणि साडेआठला पोचायचो. चार वर्षांपूर्वी एका शनिवारी पोचलो तेव्हा ती टेबलाशी बसल्या बसल्या गेलेली होती. समोर दोन वाडगे, दोन्हींवर झाकण. त्या दिवशी आम्ही ट्रेवर कशावरून हुज्जत घालत होतो ते मला अजून आठवतं. तबकडीवरचे काटे मूळचे की बदललेले, यावरून. याची मला जेवढी लाज वाटते तेवढी आयुष्यात कशाची वाटली नाही.

तर, एके दिवशी दुकानात आले चिया आचेक, आचेक म्हणजे काका. टगबोटीवर इंजिन सांभाळण्यात त्यांची हयात गेली. वय सत्त्याऐंशी. हौगांगच्या वृद्धाश्रमात राहायला जायचं म्हणून घर आवरत होते. खिशातून रुमालात गुंडाळलेलं घड्याळ काढून काउंटरवर ठेवलं. जिनिव्हाच्या त्या दोनतीन घराण्यांपैकी एकाचं. सोन्याचं, पातळ, कडा अजून धारदार, म्हणजे साठ वर्षांत कोणी हात लावलेला नाही. आणि तबकडीवर घराण्याच्या नावाखाली बारीक अक्षरांत आमच्या इथल्या 'टेक हिन' या कधीच बंद पडलेल्या दुकानाचं नाव. दोन नावांची तबकडी मी चाळीस वर्षांत दोनदा पाहिली होती.

"गेक चूने दिलं," आचेक म्हणाले. "सुईण होती माझी बायको. एका शेठच्या घरची अडलेली बाई सोडवली तिने. शेठ म्हणाला काय हवं ते माग. स्वतःला बांगडी मागायची, तर ही बया माझ्यासाठी घड्याळ घेऊन आली. इंजिनच्या तेलाने बरबटलेल्या हातात हे!" ते खो खो हसले. "हुंगून बघ पट्टा. जायफळाचं तेल. बाळंतिणीचं पोट चोळायची ना, तो वास तिच्या हातांचा कधी गेलाच नाही. आम्हाला पोर नाही झालं, पण अर्धं गाव तिच्या हातात आलं."

मी हुंगलं. खरंच वास होता.

झाकण उलटं केलं. दोन ओळी, बारीक चिनी अक्षरं, हाताने कोरलेली. मी भिंग लावलं ते खोली बघायला. केसाएवढी खोली, जास्त नाही.

"काय लिहिलंय ते वाचत बसू नकोस, आमच्या दोघांचं आहे," आचेक म्हणाले. "मला पाठ आहे. रोज सकाळी उठलो की म्हणतो. आश्रमात वस्तू गायब होतात, म्हणून तुझ्याकडे देतोय. वापरणाऱ्याला दे. फक्त पाठीला हात लावायचा नाही. कबूल?"

"कबूल, आचेक." मी त्यांचा हात दोन्ही हातांत धरून सांगितलं.

पुढच्या गुरुवारी सकाळी मी ती अक्षरं काढून टाकली.

पैशासाठी नाही. ते घड्याळ मी विकणारच नव्हतो. मला शनिवारी सीतचं तोंड बघायचं होतं, बस्स. त्या दोन ओळींपायी एक पायरी खाली बसलो असतो, ते मला सहन होईना. सणाचे दिवस होते, शेजारच्या बाईने पानात बांधलेले तांदळाचे डंपलिंग आणून दिले होते. ते खाल्ले, हात धुतले आणि पॉलिशच्या चाकावर बसलो. झाकण वेगळं करून वजनकाट्यावर टाकलं, सहा ग्रॅम बेचाळीस. माझा हात चांगला आहे, कडांना धक्का न लावता फक्त मधला सपाट भाग उतरवला. वीस मिनिटांत आरसा झाला. खाली धरलेल्या कागदावर सोन्याची पूड पडली होती, ती तोलली. शून्य पूर्णांक नऊ शतांश. मग झाकण परत काट्यावर ठेवलं.

सहा ग्रॅम बेचाळीस.

काटा बिघडला असं मी धरून चाललो. वजनं ठेवून तपासला, बरोबर होता. पुन्हा झाकण. बेचाळीस. मी पूड पुडीत बांधली, झाकण बसवलं आणि विचार करायचा नाही असं ठरवलं.

शनिवारी ट्रे फिरला. पुआन रोहायांनी घड्याळ उचललं, तबकडी पाहिली, मान हलवली. मग उलटं केलं आणि थांबल्या. भिंग लावलं. बराच वेळ. मग चष्मा काढून पुसला, आणि घड्याळ दोन्ही हातांनी डावीकडे ठेवलं. सीतनेही उलटं करून पाहिलं. त्याने एकतरी टोमणा मारायला हवा होता. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि आपलं घड्याळ स्वतःच्या हाताने उजवीकडे सरकवलं.

जिंकलो होतो. पण निघताना पुआन रोहाया दारात थबकल्या. "मागचं कोरलेलं तसंच ठेवलंत, बरं केलंत."

चोराच्या मनात चांदणं! मला वाटलं बाईंनी पॉलिश ओळखलं आणि वकिली टोमणा मारला. त्या गेल्यावर मी दिव्याखाली झाकण धरलं. गुळगुळीत. माझंच नाक दिसत होतं.

पुढच्या शनिवारी सीतने झाकणावरून नख फिरवलं. "काय कोरलंय! अजून बोटाला लागतं."

"काय लागतं?"

"अक्षरं."

"कुठली अक्षरं, डॉक्टर?"

सीतने घड्याळ खाली ठेवलं. इतक्या हळू आवाजात तो कधी बोलत नाही. "पुरे, हुआट. तुला दाखवायचं होतं, दाखवलंस. आम्ही वाचलं आणि मान राखला. आता मोठ्याने म्हणायला लावतोस की काय?"

मी हसण्यावारी नेलं. ते गेल्यावर नख फिरवलं, काडी फिरवली, भिंग लावलं, मोबाईलच्या उजेडात तिरकं धरून पाहिलं. काही नाही. वाटलं, दोघांनी मिळून माझी फिरकी घेतलीय. पण पुआन रोहाया कोणाची फिरकी घेत नाहीत.

तिसऱ्या आठवड्यात, बुधवारी, चिया आचेक आले. चाकांच्या खुर्चीत, मारिसेल नावाच्या फिलिपिनो नर्सबरोबर. पार वाळून गेले होते. त्यांनी मारिसेलला खाली कॉफी आणायला पिटाळलं आणि माझा हात धरला.

"आ हुआट, विकलं तर नाहीस ना रे?"

"नाही, आचेक. आहे."

"देवासारखा भेटलास." त्यांचे डोळे भरून आले. "अरे, माझं डोकं बघ काय झालंय. सगळं आठवतं. बोटीचं इंजिन अजून सोडून जोडून देईन. पण तिने लिहिलेलं गेलं. रोज म्हणायचो रे! एका सकाळी उठलो, तोंड उघडलं आणि आत काहीच नाही. आश्रमात सणाचे डंपलिंग वाटले ना, त्या गुरुवारी. तेव्हापासून झोप नाही. माझे डोळे तर गेल्यातच जमा. तू वाच. एकदाच वाच, मी पुन्हा पाठ करतो."

मी तिजोरी उघडली. घड्याळ काढलं. उलटं केलं. भिंग डोळ्याला लावलं, कारण भिंग लावलं की चेहरा झाकतो.

खरं बोलायला तेव्हाही वेळ होता. आचेक, मी पुसलं, एवढंच म्हणायचं होतं. नाहीतर पुआन रोहायांना फोन करायचा, बाई, मला दिसत नाही, तुम्ही वाचून दाखवा. पण मग त्यांना कळलं असतं की मी काय केलं. सीतला कळलं असतं. डावीकडची जागा गेली असती. एका मरणाला टेकलेल्या माणसासमोर बसून मी हा हिशेब करत होतो, आणि हे मी आज लपवत नाही.

"वाच ना रे."

उचलली जीभ लावली टाळ्याला. दुसरं काही सुचेना, म्हणून मी म्हणालो, "साडेसहाला जेवण. वेळेवर ये, मी थांबलेय."

आचेकांनी डोळे मिटले. ओठ हलवून एकदा म्हटलं, दोनदा म्हटलं. त्यांच्या चेहऱ्यावर आधी गोंधळ होता. मग हळूहळू कपाळाच्या आठ्या गेल्या.

"असंच होतं?"

"असंच आहे, आचेक."

"खाली तिचं नाव?"

"आहे ना."

"मी कायम उशिरा यायचो," ते म्हणाले. "बोटीवरून." आणि लहान मुलासारखे रडले. मारिसेल कॉफी घेऊन आली तेव्हा ते तेच वाक्य पुटपुटत होते. कॉफी तशीच राहिली. लिफ्टचं दार मिटेपर्यंत मला त्यांचा आवाज येत होता.

ते तीन दिवस मला घास गेला नाही. माझ्या स्यू लानचं वाक्य मी परक्याच्या बायकोच्या तोंडी घातलं होतं. तेही कोणतं, तर जे मी तीस वर्षं कधी पाळलं नाही ते. रात्री उठून बसायचो आणि स्वतःला म्हणायचो, म्हाताऱ्याला झोप तर लागेल. लगेच दुसरं मन म्हणायचं, चोर तो चोर, वर पुण्य मागतो. शनिवारपर्यंत माझं ठरलं होतं. सगळं सांगायचं, खरं काय लिहिलंय ते बाईंकडून लिहून घ्यायचं, आणि रविवारी सकाळी हौगांग गाठून म्हाताऱ्याच्या पाया पडायचं.

त्या दिवशी सीत पाचलाच निघाला. मी दार लावलं आणि पुआन रोहायांसमोर बसलो. एका दमात सगळं ओकलो. चाक, सोन्याची पूड, दिलेला शब्द, आचेक, थाप.

"मला तिथे काही दिसत नाही, बाई. तुम्ही वाचा. मी लिहून घेतो."

पुआन रोहाया घड्याळाकडे बघत राहिल्या. हात लावेनात.

"मिस्टर क्वेक, हे घड्याळ त्या काकांचं आहे?"

"हो."

"आम्हाला वाटलं तुमचं."

"माझं? माझं कसं?"

"म्हणून तर काही न बोलता डावीकडे ठेवलं. इतकी वर्षं झाकून ठेवलं होतं, आता आणलंय, तर क्रम कसला लावायचा, असं मी आणि डॉक्टर लिफ्टमध्ये बोललो."

त्यांनी घड्याळ उलटं केलं. भिंग न लावताच वाचलं.

"साडेसहाला जेवण. वेळेवर ये, मी थांबलेय." मग खाली बोट नेऊन म्हणाल्या, "स्यू लान."

मी काय ऐकलं ते मला कळलं नाही. मी म्हणालो, "परत बघा."

"तेच आहे."

"आज आहे. आधी काय होतं? पहिल्या शनिवारी?"

"पहिल्या शनिवारीही हेच."

पहिल्या शनिवारी मी थाप मारली नव्हती. आचेक वाचून घ्यायला अजून आलेही नव्हते.

"बाई," मी म्हणालो, "ती चिनी अक्षरं होती. तुम्हाला चिनी येतं?"

त्यांनी झाकणावरून पुन्हा नजर फिरवली. घड्याळ इतक्या घाईने ट्रेवर ठेवलं की चिकटपट्टीचा तुकडा निघून कापडावर पडला.

"नाही," त्या म्हणाल्या. "एक अक्षर येत नाही."

तेवढ्यात फोन वाजला.

दुकानातला. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. साडेपाच. चार वर्षांत त्या वेळेला तो कधी वाजला नव्हता. फोन वाजतच राहिला. शेवटी पुआन रोहायांनी उचलला, ऐकलं आणि माझ्या कानाला लावला.

मारिसेल होती. "चिया अंकल गेले. दुपारी. तुम्हाला कळव म्हणाले होते."

"त्रास झाला?"

"छे! खूश होते. सकाळपासून दाढी कर, शर्ट दे, एकच घाई. मला उशीर झाला तर ती जेवायची थांबेल म्हणाले. मी विचारलं, कोण थांबेल? तर म्हणाले, स्यू लान." मारिसेल थोडी घुटमळली. "अंकल, त्यांच्या कागदावर बायकोचं नाव गेक चू आहे. स्यू लान कोण?"

मी फोन खाली ठेवला.

म्हणजे ते पोचले. माझ्या बायकोकडे, माझ्या जागी, साडेसहाच्या आत. आणि त्यांच्या सुईण बायकोने साठ वर्षांपूर्वी काय लिहिलं होतं, ते आता जगात कोणालाच ठाऊक नाही. ज्याला ठाऊक होतं त्याच्या तोंडून मी ते काढून घेतलं.

पुआन रोहाया निघताना घड्याळाकडे न बघता म्हणाल्या, "घरी जा, मिस्टर क्वेक. आज तरी वेळेवर जा."

मी गेलो. घड्याळ दुकानातच तिजोरीत ठेवलं, हात साबणाने दोनदा धुतले आणि बस पकडली. कुलपात किल्ली घातली तेव्हा सहा वाजून अठ्ठावीस मिनिटं झाली होती. घरात सकाळी मी सोडलं तसंच सगळं होतं. खिडकी बंद, टेबल पुसलेलं, वाडगे रॅकवर पालथे. स्यू लान गेल्यापासून त्या घरात शिरताना मला रोज एक ओझं जाणवायचं, कोणीतरी रुसून बसल्यासारखं. ते नव्हतं. मी हाक मारून पाहिली, चार वर्षांत पहिल्यांदा. कोणी थांबलेलं नव्हतं.

मग मी भात टाकायला स्वयंपाकघरात गेलो.

भिंतीशी लावून ठेवलेली टेबलाची दुसरी खुर्ची थोडी बाहेर ओढलेली होती, आणि तिथे जायफळाच्या तेलाचा वास येत होता.